चक्री कुणी धरायची?

गेल्या भाऊबीजेला आमच्या घरी भांडण झाले. फराळाचे ताट शेजारी ओढून दिवाळी अंक उघडणाऱ्या वाचकांपुढे घरचे भांडण मांडू नये, एवढे मला कळते. सणासुदीला माणसाला काहीतरी गोड हवे असते. परंतु जसजसे दिवस गेले तसतशी माझी खात्री होत गेली, की हे भांडण एकट्या आमच्या घरचे नाही. ते बहुतेक सर्वांच्या घरचे आहे. फक्त पुष्कळ घरांत ते सुरू होण्याआधीच मिटवले जाते. दुसरे असे, की त्या दिवशी मला नुसता राग आला. उत्तरे मागाहून सुचली. ती सांगितल्यावाचून यंदाची दिवाळी मला गोड लागायची नाही. तेव्हा वाचकहो, एक चकली तोंडात टाका आणि माझे ऐकून घ्या.

झाले ते असे. ओवाळण्या झाल्या, पाने वाढली, आणि माझी भाची, म्हणजे दादाची धाकटी मुलगी, सहज बोलावे तसे बोलून गेली, की जानेवारीत ती आणि तिची मैत्रीण कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन रामेश्वरच्या बेटावर जाणार आहेत, तिथल्या किनाऱ्याकिनाऱ्याने राहणार आहेत आणि काइटसर्फिंग शिकणार आहेत. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. दिवसा बसायची बाके रात्री बिछाने होतात, मागे शेगडी असते, पाण्याची टाकी असते, आणि दाटीवाटीने तीन माणसे आडवी होतात. एवढे मंडळींना समजले. काइटसर्फिंग मात्र समजेना. तेव्हा भाचीने ताटातल्या पुरीची फळी केली आणि पापडाचा पतंग केला. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, आणि त्या पट्ट्याला वीस-बावीस मीटरच्या दोऱ्यांनी जोडलेला, शंभर चौरस फुटांच्या खोलीएवढा पतंग. पतंग वाऱ्यावर चढतो, माणसाला ओढतो, आणि माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून घसरत जातो.

"जिवाशी खेळ करून राहिली का तू?" दादा म्हणाला. दादा चिडला की त्याची पुस्तकी मराठी पळून जाते आणि खरी नागपुरी बाहेर येते.

"आणि पैसे? पैसे काय झाडाला लागून राहिले?" वहिनी म्हणाली.

"दोघी पोरी, परमुलखात, गाडीत झोपणार! कोणी विचारलं तर काय सांगायचं, बाई?" काकूंनी कपाळाला हात लावला.

"अहो, ही सारी गोऱ्या लोकांची थेरं," धाकटे मेहुणे लाडू फोडत म्हणाले. "आपला अन् समुद्राचा काय संबंध? आपण नागपूरची माणसं."

मी पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. 'चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले, त्याची गणती नाही. ते चारही बाजूंचे पाणी मात्र मी कधी पाहिले नव्हते. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, एवढ्यापुरताच माझा समुद्राशी संबंध. भाचीचे तोंड उतरलेले पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "गाडीत तिसरी जागा आहे ना? मग मी येते."

संक्रांत झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो आणि सतरा दिवसांनी सुखरूप परत आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. मला त्या चार आक्षेपांना उत्तर द्यायचे आहे.

पहिला आक्षेप जिवाचा.

नागपूर हे पतंगांचे गाव आहे, हे नागपूरकराला सांगायला नको. संक्रांतीला महालापासून इतवारीपर्यंत गच्च्या माणसांनी फुलतात, भोंगे लागतात आणि 'ओ काट'च्या आरोळ्यांनी कानठळ्या बसतात. मला तो दिवस आवडतो. पण त्या आकाशात आता साधा दोरा उरलेला नाही. चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात मी स्कूटरवरून घरी येत होते. थंडी होती म्हणून गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला होता. एकाएकी गळ्याशी काहीतरी ओढल्यासारखे झाले, एवढेच मला कळले. मफलर उभा कापला गेला होता आणि हनुवटीखाली रक्त येत होते. पाच टाके पडले. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "बाई, मफलर नसता तर तुम्ही माझ्याकडे आला नसता." ती रेघ अजून माझ्या गळ्यावर आहे. आणि घरी आल्यावर याच मंडळींनी, याच दिवाणखान्यात, माझी समजूत काढली ती अशी: "संक्रांत आहे, चालायचंच. तू या दिवसांत स्कूटर काढलीस कशाला?"

नायलॉनच्या आणि तसल्या कृत्रिम मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैत देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या विषयाची आपण होऊन दखल घेतली. पोलीस चकऱ्या जप्त करतात. तरीही जानेवारी आला की कापलेल्या गळ्यांच्या आणि झाडांवर लोंबकळणाऱ्या पाखरांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत येतातच. हा मांजा काही परग्रहावरून येत नाही. आपल्याच घरातला मुलगा तो आणतो, आपणच त्याला पैसे देतो, आणि त्याला परंपरा हे नाव देतो.

आता तो दुसरा पतंग पाहा. तो उडवणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, अंगात तरंगते जाकीट असते. हातातली दांडी सोडून दिली, की पतंगाचा जोर ओसरतो. तेवढ्याने भागले नाही तर कमरेपाशी एक कळ असते. ती ढकलली, की पतंग पाण्यावर निपचित पडतो. शिकवणारा पहिले काही तास शिष्याला पाण्यात जाऊच देत नाही. वाळूवर उभे करून लहान पतंगावर वारा ओळखायला शिकवतो: वारा कुठून येतो, पतंग डोक्यावर असला की का शांत असतो, खाली आणला की का ओढतो. मग कमरेएवढ्या पाण्यात नुसते अंग ओढवून घ्यायचे. फळी त्यानंतर. आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर त्या दिवशी पतंग काढायचाच नाही, कारण तो माणसाला आत ओढून नेईल. यातली एक तरी खबरदारी आपल्या गच्चीवर कुणी घेतो का?

या खेळात धोका नाही असे मी म्हणत नाही. वाऱ्याचा झोत चुकला तर माणूस उचलला जातो. या खेळात माणसे दगावलीही आहेत. पण तो धोका ज्याचा त्याने, शिकून, समजून पत्करलेला असतो. गच्चीवरून मांजा सोडणाऱ्याचा धोका मात्र खाली स्कूटरवरून जाणाऱ्या, त्याला कधी न दिसलेल्या बाईच्या गळ्यावर असतो. एका पतंगाची दोरी उडवणाऱ्यालाच बांधलेली असते. दुसऱ्याची दोरी भलत्याचा गळा शोधत हिंडते. यातला जिवाशी खेळ कुठला, ते दादानेच ठरवावे.

याच ओघात पोहण्याचेही बोलून टाकते. आमच्या घरात मुलगे अंबाझरीला पोहायला शिकले. मुलींना पाण्याजवळ फिरकू दिले नाही, कारण मुलींना जपायचे होते. पावसाळ्यात तलावांत आणि नदीच्या डोहांत मुले बुडाल्याच्या बातम्या विदर्भात दरवर्षी येतात. पोहता न येणारे माणूस पाण्यापासून सुरक्षित असते, हा हिशेब कुणी मांडला? माझी भाची नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पैशाने, सव्विसाव्या वर्षी पोहायला शिकली. आम्ही तिला जपले नव्हते, फक्त अडाणी ठेवले होते.

दुसरा आक्षेप पैशाचा.

आम्हा तिघींचा सतरा दिवसांचा खर्च, गाडीचे भाडे, डिझेल, टोल, शिधा आणि भाचीच्या शिकवणीची फी धरून, दोन लाखांच्या आत बसला. आमच्या घरच्या शेवटच्या मुंजीत नुसत्या जेवणावळीला याहून अधिक लागले, आणि त्यातले निम्मे अन्न पानात राहिले. तेव्हा झाडाची आठवण कुणाला झाली नाही. पैसा खर्च होतो म्हणून आपल्याला दुःख नसते. चारचौघांना दिसेल असा खर्च झाला, की आपण त्याला कर्तव्य म्हणतो. एका मुलीच्या मनात राहील असा झाला, की ती उधळपट्टी!

आणि हेच बेट देवाच्या नावाने गाठायचे असते, तर? माझी आजी १९३८ साली रामेश्वराला गेली. विधवा बाई, वय पन्नाशीच्या घरातले, सोबत गावातल्या चार बायका. नागपूरहून मद्रासला जीटीने आणि मद्रासहून पुढे बोटमेलने. बरोबर पिठाची पिशवी, डाळ-तांदूळ, स्टोव्ह आणि रॉकेलची बाटली. जिथे उतरतील तिथे चूल मांडायची. गेली ती दीड महिन्याने परत आली. तिला कुणी 'कशाला' म्हणून विचारले नाही. उलट आल्यावर पाया पडायला वाडा लोटला. धनुष्कोडीची वाळू न्यायची, ती प्रयागला गंगेत सोडायची आणि गंगेचे पाणी आणून रामेश्वराला घालायचे, अशी आपल्याकडची जुनी रीत. आजीने वाळू आणली. प्रयागला जाणे तिच्या नशिबी नव्हते. ती तांब्याची डबी अजून आमच्या देवघरात आहे.

मला म्हणायचे आहे ते एवढेच, की आपल्या आज्यांना घराबाहेर पडता येत होते. यात्रा हे त्यांचे निमित्त होते आणि त्यांचे पारपत्रही होते. घरची चूल बरोबर घेऊन निघायचे, मुक्काम करीत जायचे, परका मुलूख पाहायचा, ही रीत कॅम्पर व्हॅनवाल्यांनी काढलेली नाही. छकड्यात बसून पंढरीला आणि काशीला गेलेल्या घराण्यांनी ती आधीच काढून ठेवली होती. आता वाहन बदलले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये असल्या गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनासाठी धोरणही ठरवले. पण पुण्य मिळत असेल तरच बाईने हिंडावे, आनंद मिळत असेल तर हिंडू नये, हे आपण मनात धरलेले धोरण काही बदलत नाही.

तिसरा आक्षेप 'बायका एकट्या' हा. आम्ही तिघी होतो. तीन माणसांना एकटे कसे म्हणतात, हे मराठी व्याकरणाच्या जाणकारांनी मला समजावून सांगावे.

भीती मात्र खोटी नव्हती. पहिल्या रात्री आंध्रातल्या एका पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी लावली, तेव्हा मला डोळ्याला डोळा लागला नाही. पण भीतीवर उपाय असतात, आणि ते भाचीला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. निर्जन रस्त्याच्या कडेला मुक्काम करायचा नाही. दिवस मावळायच्या आत मोठा पंप किंवा वस्तीतली जागा गाठायची, मालकाला विचारून गाडी लावायची, गाडीचे तोंड बाहेरच्या बाजूला ठेवायचे, आणि आपण कुठे आहोत हे घरी कळवायचे. आपल्या नागपुरावरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो. हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळूर, सेलम असा तो मदुराईपर्यंत धरून ठेवायचा आणि तिथे डावीकडे वळायचे. सुमारे १,७०० किलोमीटरची ही वाट आम्ही पाच दिवसांत केली. वाटेत ज्यांनी ज्यांनी आमची विचारपूस केली, त्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या, आणि त्यांचा प्रश्न एकच: "घरच्यांनी सोडलं?" तेलुगूत, कानडीत, तमिळमध्ये, हातवाऱ्यांत, हाच प्रश्न. काकूंना वाटते की लोक आपल्याला नावे ठेवतील. काकू, लोक हेवा करीत होते.

चौथा आक्षेप सर्वांत गमतीचा. हे गोऱ्यांचे थेर, आणि आपला समुद्राशी संबंध काय?

पतंगाने होडी ओढवून घेत सॅम्युएल कोडी १९०३ साली इंग्लिश खाडी ओलांडून गेला, हे खरे. पाण्यात पडला तरी पुन्हा उठवता येईल असा, हवा भरून फुगवलेला पतंग ब्रिटनीच्या दोन लगेन्यू बंधूंनी शोधला आणि १९८४ मध्ये त्याचे पेटंट घेतले, हेही खरे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात हा खेळ प्रथमच आला आणि त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. जन्माने तो परकाच आहे. पण मेहुणे, मिरचीसुद्धा अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली. भिवापूरच्या मिरचीवाचून तुमचा एक दिवस जात नाही, आणि सावजीच्या रश्शापुढे बसलात की तुम्हाला तिचे परकेपण कधी आठवत नाही!

आणि आपला समुद्राशी संबंध नाही, हे तर साफ चुकीचे. १७५१ च्या तहाने ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये देवगावच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ जगन्नाथपुरीपासून बालासोरपर्यंतचा किनारा नागपूरच्या गादीच्या अमलाखाली होता. जिथे आम्ही गेलो त्या बाजूलाही भोसले होतेच, तंजावरचे. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी त्यांनी वाटेवर अन्नछत्रे बांधली, आणि दुसऱ्या सरफोजी राजांनी १८१४-१५ च्या सुमारास पाल्कच्या उपसागराकाठी आठ मजली बुरूज उभारला. त्या बुरुजाला आजही तमिळ माणसे 'मनोरा' म्हणतात. येताना आम्ही तो पाहिला. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला तो मनोरा पाहताना मला आमच्या दिवाणखान्याची आठवण झाली आणि हसू आले. आपल्या पूर्वजांनी जी खिडकी उघडली, ती बंद करून आपण म्हणतो, इथे भिंतच होती.

चार आक्षेप झाले. पण वाचकहो, पाचवा एक आक्षेप होता. तो कुणी घेतला असता तर मी निरुत्तर झाले असते. तो कुणाच्या मनातच आला नाही.

तुम्ही ज्या किनाऱ्यावर खेळायला जाता, तो कुणाचा आहे?

रामेश्वरचे बेट सुमारे तीस किलोमीटर लांब, शेवटाला बारीक होत गेलेले. उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. थंडीत वारा ईशान्येकडून येतो, उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येकडून. वर्षातून दोनदा वारा बाजू बदलतो, म्हणून पतंगवाले तिथे जातात. १९६४ च्या २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळाची लाट आली आणि धनुष्कोडी हे गाव नाहीसे झाले. पांबनहून तिकडे निघालेली आगगाडी माणसांसकट वाहून गेली. चर्चच्या आणि स्टेशनच्या भिंती अजून वाळूत उभ्या आहेत. २०१७ पासून टोकापर्यंत डांबरी सडक आहे आणि त्या सडकेवरून पर्यटक येतात, छायाचित्रे काढतात, वेष्टणे टाकतात आणि जातात. भिंतींच्या आसपास कोळ्यांच्या झोपड्या आहेत. सूर्यास्तानंतर परक्यांना तिथे थांबू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

वारा चढला, की आमच्या भाचीचे डोळे चमकत. पण वारा फार चढला, की कोळ्यांच्या होड्यांना समुद्रात जायची परवानगी मिळत नाही. आमचा जो खेळ, तो त्यांचा बुडालेला रोज. हे मला तिसऱ्या दिवशी कळले. ज्या कोळणीच्या अंगणात, नारळींखाली, आम्ही भाडे देऊन गाडी लावली होती, तिच्या नवऱ्याला सकाळी दहा वाजता घरी बसलेले पाहून. तेव्हापासून आम्ही मासळी, नारळ, पाणी, जे लागेल ते तिच्याकडून किंवा तिच्या शेजारणींकडून घेतले. गाडी वाळूवर एकदाही नेली नाही. थंडीच्या महिन्यांत त्या वाळूत कासवे अंडी घालतात आणि चाकाखाली ती दिसत नाहीत. भांड्यांचे पाणी समुद्रात सोडले नाही. मन्नारच्या आखातातल्या एकवीस बेटांचे १९८६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान झाले आहे. ती लांबून पाहिली आणि लांबच राहू दिली. उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. त्यांच्या बाजूला भाचीच्या गुरूने कुणालाही पतंग नेऊ दिला नाही.

एवढे केल्याने आम्ही फार पुण्य केले असे नाही. सतरा दिवस डिझेल जाळत गेलेली माणसे आम्ही. परंतु 'जाऊ नका' म्हणणाऱ्यांनी हे विचारायला हवे होते: जाल तर कसे जाल? कुणाचे अंगण, कुणाचे पाणी, कुणाचा रोज? बाईने जावे की नाही यावर आमच्या घरी दोन तास वाद झाला; गेलेल्या माणसाने कसे वागावे यावर एक मिनिटही नाही. कचरा करून येणाऱ्या मुलग्यांच्या सहली आमच्या घरातून दरवर्षी निघतात. त्यांना कुणी अडवल्याचे मला आठवत नाही.

आता शेवटचे, आणि ते माझे स्वतःचे.

भाची पहिले तीन दिवस फक्त खारे पाणी प्यायली. पतंग पडे, ती पडे, फळी एकीकडे, ती दुसरीकडे. गुडघे सोलवटले. चौथ्या दिवशी ती चिडून रडली. सातव्या दिवशी दुपारी पतंग तिने डोक्यावरून खाली आणला, फळीवर उभी राहिली, आणि साधारण आमच्या गल्लीच्या लांबीएवढे अंतर पाण्यावरून गेली. मग पडली. पाण्यातून डोके वर काढून ती जी ओरडली, ते 'ओ काट' होते! तिथे त्याचा अर्थ कुणाला कळला? मला कळला.

संध्याकाळी तिच्या गुरूने मला हाक मारली आणि शिकाऊ मुलांचा लहान पतंग वाळूवर माझ्या हाती दिला. मी म्हणाले, मी नुसती धरते, उडवा तुम्ही. हे वाक्य माझ्या तोंडून निघाले आणि मी थबकले. लहानपणी गच्चीवर दादा पतंग उडवायचा आणि मी त्याच्यामागे चक्री धरून उभी असायची. "ढील दे", "गुंडाळ", "नीट धर ना!" एवढेच माझ्या वाट्याचे आकाश. पतंग कटला तर दोष चक्रीचा, काटला तर शाबासकी हाताची. माझ्या आईने चक्री धरली, वहिनीने धरली, मी धरली. पतंगांच्या गावात सदुसष्ट वर्षे काढून मी कधी पतंग उडवला नव्हता, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानातसुद्धा आली नव्हती.

मी ती दांडी धरली. वारा लागला, दोऱ्या ताणल्या, आणि खांद्यापर्यंत ओढ आली. लहान मूल जत्रेत हात धरून ओढते तशी. उजवीकडे खेचले की पतंग उजवीकडे जाई, डावीकडे खेचले की डावीकडे. त्याने माझे ऐकले. काही झाले नाही, वाचकहो, मी काही उडाले नाही. दहा मिनिटांनी मी तो खाली उतरवला. पण त्या दहा मिनिटांचा मला राग आला आहे, आणि तो अजून गेलेला नाही. इतके सोपे होते ते, आणि इतकी वर्षे ते मला कुणी दिले नाही. मीही मागितले नाही.

म्हणून माझे दादाशी, वहिनीशी आणि दादा-वहिनींसारख्या सर्वांशी भांडण आहे. मुलींना समुद्रावर पाठवाच असा माझा आग्रह नाही. ज्यांना तो परवडत नाही अशी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांना मी काही शिकवू इच्छीत नाही. परंतु ज्यांना परवडते आणि तरी भीतीचे नाव पुढे करून जे अडवतात, त्यांनी निदान ती भीती खरी आहे का, हे एकदा तपासावे. गळा कापणारा मांजा ज्या घरात चालतो, त्या घराला मुलीच्या जिवाची काळजी आहे, हे मी मानायला तयार नाही.

दिवाळी झाली की संक्रांत फार लांब नसते. यंदा आमच्या घरी नायलॉनचा दोरा येणार नाही; आला तर मी स्वतः कात्री घेऊन बसणार आहे, आणि दादाला तसे मी सांगून ठेवले आहे. दादाची नात आता नऊ वर्षांची आहे. सुती दोरा, कागदी पतंग, आणि दोर तिच्या हातात.

चक्री दादा धरील. सवय नाही त्याला, पण शिकेल.